मच्छीमार नगरांतील दोन कागद: संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचें एक साधन

ऐतिहासिक कागद म्हटला म्हणजे मोडी लिपि, शिक्कामोर्तब, वतनाचा तंटा, निदान एखादा महजर तरी आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्या कागदांविषयीं आज लिहावयाचें आहे ते यांपैकीं कोणत्याच प्रकारांत मोडत नाहींत. ते छापील आहेत, त्यांचें वय साठ वर्षांच्या आंतलें आहे, आणि त्यांचा विषय असा आहे कीं चारचौघांत त्याचा उच्चार करावयासही पुष्कळांस संकोच वाटतो. तथापि साधनाची योग्यता त्याच्या वयावर ठरत नाहीं. त्यावांचून जी गोष्ट कळली नसती ती त्याच्यामुळें कळते कीं नाहीं, यावर ठरते. या कसोटीस हे कागद उतरतात असें आमचें मत झाल्यामुळें त्यांची हकीकत येथें देत आहों.

१. कागद कसा मिळाला

मुंबईच्या दक्षिण टोंकास कफ परेड म्हणून जो भाग आहे, त्याच्या समुद्राकडील अंगास मच्छीमार नगर ही कोळी लोकांची वस्ती आहे. एका बाजूस उंच इमारती, दुसऱ्या बाजूस किनाऱ्याला लागलेल्या होड्या व वाळत घातलेलीं जाळीं, असें तेथील दृश्य आहे. कुलाबा हें नांव कोळ्यांवरूनच आलें असें पुष्कळ विद्वान् मानतात. कफ परेड हें नांव मात्र इंप्रूव्हमेंट ट्रस्टांतील कफ नांवाच्या साहेबावरून पडलेलें आहे.

आमचे एक जुने विद्यार्थी या वस्तींत राहतात. त्यांच्याकडे आम्ही गेलों असतां, "मास्तर जुने कागद बघतात" असें ऐकून शेजारच्या एक वृद्ध बाई आपली पत्र्याची पेटी घेऊन आल्या. बाईंनीं वयाचीं पंच्याऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. पेटींत होडीच्या नोंदणीचे कागद, मच्छीमार सहकारी संस्थेच्या पावत्या, कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेंत काढलेलें एक छायाचित्र आणि सर्वांच्या तळाशीं एक घडी घातलेला कागद, इतका ऐवज होता.

कागद सुमारें एक वीत लांब, पातळ व आतां पिवळट झालेला आहे. मजकूर इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत छापलेला असून मोकळ्या जागा शाईनें भरलेल्या आहेत. पुरुषावर संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया झाल्याचा तो दाखला आहे. त्यावर डॉक्टरची सही, जांभळ्या शाईचा गोल शिक्का, आणि ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली त्याच्या डाव्या हाताच्या आंगठ्याचा ठसा आहे. साल १९६८, महिना जुलै. हयात अपत्यें चार. मिळालेल्या रकमेचा आंकडा पुसट झाल्यामुळें लागत नाहीं. पाठीमागें पेन्सिलीनें बोंबील व मांदेलीच्या टोपल्यांचा हिशेब मांडलेला आहे.

दोन गोष्टी प्रथमदर्शनींच आमच्या ध्यानांत आल्या. पहिली, कागदाच्या घड्या अतिशय झिजल्या असून मधल्या घडीस पाठीमागून चिकटपट्टी लावलेली आहे. एकदां घडी घालून पेटीच्या तळाशीं ठेवलेला कागद असा झिजत नाहीं; तो वारंवार उलगडला गेला असला पाहिजे. दुसरी, त्यावरील महिना. या दोहोंचा अर्थ पुढें स्पष्ट होईल. परंतु तत्पूर्वीं या शस्त्रक्रियेचा व तिच्यामागील विचाराचा इतिहास थोडक्यांत पाहिला पाहिजे.

२. प्राचीन ग्रंथांचा आधार

संतति होऊं न देण्याची इच्छा ही आधुनिक काळाची निर्मिति आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायांतील चौथ्या ब्राह्मणांत गर्भ राहूं नये अशी इच्छा असल्यास काय करावें याचा विधि दिला आहे, आणि त्याच्या लगेच पुढें गर्भ राहावा अशी इच्छा असल्यास काय करावें हेंही सांगितलें आहे. दोन्ही इच्छा एकाच पंक्तीस बसविल्या आहेत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. भावप्रकाश व योगरत्नाकर या वैद्यकग्रंथांत, तसेंच कल्याणमल्लाच्या अनंगरंगांत गर्भनिरोधाचे औषधी योग आहेत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्यापाशीं वैद्यकाच्या जुन्या पोथ्या आहेत त्यांनीं त्या या दृष्टीनें अवश्य चाळून पाहाव्या.

हे सर्व योग औषधांचे झाले. शस्त्राचें काय? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत, नवव्या अध्यायांत, स्रोतसांचें वर्णन करितांना शुक्रवह स्रोतसें दोन असून तीं वृषणांशीं निगडित आहेत असें सांगितलें आहे, व त्यांस वेध झाल्यास क्लैब्य येतें असें म्हटलें आहे. तेथेंच आर्तववह स्रोतसेंही दोन सांगून त्यांस वेध झाल्यास वंध्यत्व येतें असें नमूद केलें आहे. म्हणजे पुरुषांत दोन नलिका व स्त्रियांत दोन नलिका, आणि त्या तुटल्या असतां प्रजोत्पादन थांबतें, हें ज्ञान सुश्रुतास होतें. परंतु तें इजेचें फळ म्हणून सांगितलें आहे. कोणाच्या इच्छेनें करावयाचा उपचार म्हणून नाहीं.

सुश्रुताच्या या दोन विधानांपैकीं स्त्रीविषयींचें विधान, वंध्यत्वापुरतें, आजच्या शारीरशास्त्रास जुळतें. पुरुषाविषयींचें जुळत नाहीं. वृषणांतून बीज नेणारी नलिका बांधली तरी पौरुषास कारण असणारा स्राव त्या नलिकेंतून जात नाहीं, तो परस्पर रक्तांत मिसळतो; म्हणून क्लैब्य येत नाहीं. परंतु "ही शस्त्रक्रिया केली कीं पुरुष नामर्द होतो" ही समजूत आज विसाव्या शतकाच्या नंतरही खेड्यापाड्यांत व शहरांतही जिवंत आहे. ती सुश्रुत वाचून आलेली नाहीं हें उघड आहे. पण तिचें वय किती मोठें असावें याची कल्पना सुश्रुतावरून येते.

३. शस्त्रक्रिया व तिचीं नांवें

कायमच्या संततिनियमनाचे मार्ग मुख्यतः दोन. पुरुषाच्या बाबतींत दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या कापून बांधतात. ही क्रिया जागा बधिर करून अल्पावधींत होते, पोट उघडावें लागत नाहीं. तिचा गुण मात्र ताबडतोब येत नाहीं; आधींचें बीज नाहींसें होण्यास सुमारें तीन महिने लागतात, व तोंपर्यंत दुसरा उपाय चालू ठेवावा लागतो. स्त्रीच्या बाबतींत गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या नलिका कापून बांधतात, किंवा दुर्बिणीच्या साहाय्यानें त्यांवर कडी बसवितात. येथें पोटांत शिरावें लागत असल्यामुळें धोका तुलनेनें अधिक. दोन्ही क्रिया उलटविणें अवघड, आणि उलटविल्या तरी यशाची शाश्वति नाहीं. म्हणूनच ज्याच्या शरीरावर ती करावयाची त्याची समजून उमजून दिलेली संमति, हा या विषयाचा गाभा आहे.

पाश्चात्य देशांत स्त्रीची ही शस्त्रक्रिया अमेरिकेंत लंग्रेन यानें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या वीस वर्षांच्या आरंभीं केली. पुरुषाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. इंडियाना प्रांतांतील एका सुधारगृहाचा डॉक्टर हॅरी शार्प यानें १८९९ पासून ती कैद्यांवर करण्यास आरंभ केला, आणि १९०७ सालीं त्याच प्रांतानें सक्तीच्या वंध्यीकरणाचा जगांतील पहिला कायदा केला. १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें अशा कायद्यास मान्यता दिली. १९३३ सालीं जर्मनींत नाझी सरकारनें तसाच कायदा केला व लाखों लोक त्यास बळी पडले. म्हणजे ही शस्त्रक्रिया वाढली ती आरंभापासून सक्तीच्या सावलींत.

मराठींतील नांवांकडेही पाहावें. 'संततिनियमन' हा शब्द शुद्ध संस्कृत. नियमन करणारा कोण हें त्यांत सांगितलेलें नाहीं, परंतु तो स्वतः माणूसच असावा असा ध्वनि त्यांत आहे. 'कुटुंबनियोजन' हा सरकारी योजनांच्या काळांतला शब्द. त्यांत योजनेचा वास आहे. 'नसबंदी' हा हिंदींतून आलेला, देशी नस व फारशी बंदी यांचा जोड. मराठी माणसाच्या तोंडीं तो १९७५ नंतर जो बसला तो बंदी या अर्थासकट बसला. १९७७ नंतर सरकारी पाटीवर 'कुटुंबकल्याण' आलें. चार शब्दांत पन्नास वर्षांचा इतिहास आहे. बाईंच्या तोंडीं मात्र यांपैकीं एकही नव्हता; त्या 'आपरेशन' म्हणत होत्या.

४. गिरगांवांतील आरंभ

मुंबईंत या विचाराचा पाया रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं घातला. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म १८८२, मृत्यु १९५३. व्यवसायानें गणिताचे प्राध्यापक. फ्रान्समध्यें गणिताचें अध्ययन करून परत आल्यावर त्यांनीं पत्नी मालतीबाई यांच्या साहाय्यानें संततिनियमनाचा सल्ला देणारें केंद्र मुंबईंत काढलें, व या प्रचाराच्या पायीं १९२५ सालीं त्यांस विल्सन कॉलेजांतील जागा सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें, तें त्यांच्या अखेरपर्यंत चाललें.

केंद्राच्या वर्षाविषयीं मतभेद आहे. मराठी चरित्रलेखनांत १९२१ हें साल येतें. लोकसंख्येविषयींच्या इंग्रजी ग्रंथांत पुष्कळदां १९२५ दिलेलें आढळतें. आमचा तर्क असा कीं दोन्ही सालांस आधार आहे. नोकरी सांभाळून चालविलेलें घरगुती केंद्र १९२१ चें. नोकरी सुटल्यावर तेंच कार्य मुख्य झालें, आणि बाहेरच्यांच्या दृष्टीस तें १९२५ पासून पडूं लागलें. १९२१ हें साल धरल्यास मेरी स्टोप्स बाईंनीं लंडनमध्यें काढलेल्या केंद्राचें व कर्व्यांच्या केंद्राचें साल एकच येतें. न्यूयॉर्कमध्यें मार्गारेट सँगर यांनीं १९१६ च्या ऑक्टोबरांत काढलेलें केंद्र पोलिसांनीं थोड्याच दिवसांत बंद पाडलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे गिरगांवच्या या प्रयत्नाचें धाडस कळतें.

कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ च्या खटल्यांत त्यांस शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांवर वाचकांनीं विचारलेल्या शंकांस उत्तर देणें ही अश्लीलता कशी, असा त्यांच्या बचावाचा रोख होता. दंड या वेळींही झाला. परंतु चार वर्षांनीं, १९३८ च्या नोव्हेंबरांत, आंबेडकरांनीं तयार केलेलें संततिनियमनविषयक भाषण त्यांच्या पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनीं मुंबईच्या विधानसभेंत मांडलें. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनीं नामंजूर झाला.

या सर्वांत मुद्दा काय होता? लोकसंख्येचा प्रश्न कर्व्यांच्या लेखनांत येतो, नाहीं असें नाहीं. परंतु भर आहे तो व्यक्तीच्या निर्णयावर, विशेषतः स्त्रीच्या. किती मुलें व्हावींत, व्हावींत कीं नाहीं, हें जिला तीं पोटांत वाहावयाचीं आहेत तिनें ठरवावें. त्यांचीं साधनेंही बहुधा तात्पुरतीं, म्हणजे सोडून देतां येण्याजोगीं होतीं. स्वतः कर्वे दांपत्यानें अपत्य होऊं न देण्याचा निश्चय केला व तो पाळला.

येथें एक गोष्ट मात्र लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्याच काळांत 'सुप्रजाजनन' या नांवाखालीं दुसराही विचार महाराष्ट्रांत वावरत होता. कोणीं प्रजा वाढवावी व कोणीं वाढवूं नये हें शहाण्यांनीं ठरवावें, असा त्याचा रोख. प्रा. ना. सी. फडके यांच्या १९२७ सालच्या इंग्रजी ग्रंथांत संततिनियमन व सुप्रजाजनन यांची सांगड घातलेली आहे, व त्यास सँगर बाईंची प्रस्तावना आहे. तेव्हां पुढें जी सक्ति आली ती केवळ दिल्लीहून आली, आमच्याकडे तिचें बीज नव्हतें, असें म्हणतां येणार नाहीं.

५. इच्छेपासून आंकड्यापर्यंत

स्वातंत्र्यानंतर हा विषय सरकारच्या हातीं गेला. १९४९ सालीं मुंबईंत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. धनवंती रामा राव व आवाबाई वाडिया या तिच्या प्रमुख. १९५२ च्या नोव्हेंबरांत मुंबईंतच या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली व तींतून जागतिक संघ निर्माण झाला. पहिल्या पंचवार्षिक योजनेंत या कामासाठीं पासष्ट लाख रुपये ठेवले गेले. पुण्यास शकुंतला परांजपे यांचें काम १९३८ पासूनच चालू होतें. पुढें त्या महाराष्ट्राच्या विधानपरिषदेंत व नंतर राज्यसभेंत गेल्या.

प्रथम भर तात्पुरत्या साधनांवर होता. परंतु साधन वाटलें तर तें वापरलें गेलें कीं नाहीं हें मोजतां येत नाहीं. शस्त्रक्रिया झाली कीं ती मोजतां येते. हा साधा हिशेबाचा मुद्दा इतिहासकारांनीं पुरेसा ध्यानांत घेतलेला नाहीं. जी गोष्ट मोजतां येते तिचें उद्दिष्ट ठरवितां येतें, आणि उद्दिष्ट ठरलें कीं तें पुरें करणारा कोणीतरी लागतो. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत मुंबईच्या रेल्वेस्थानकांवर पुरुषांच्या शस्त्रक्रियेचीं केंद्रें उघडलीं. महापालिकेच्या कुटुंबनियोजन खात्याचे प्रमुख डॉ. डी. एन. पै हे त्यांचे पुरस्कर्ते. घरीं जातां जातां शस्त्रक्रिया उरकावी अशी ती योजना. शस्त्रक्रिया करून घेणारास कांहीं रक्कम मिळे, व माणूस आणणारासही मिळे. आमचा पहिला कागद याच काळांतला आहे.

१९७५ च्या जूनमध्यें आणीबाणी आली. १९७६ च्या एप्रिलमध्यें केंद्र सरकारनें लोकसंख्याविषयक धोरण जाहीर केलें व सक्तीचे कायदे करण्यास राज्यांस मोकळीक दिली. महाराष्ट्रानें ती तत्परतेनें घेतली. तीन अपत्यें असणाऱ्यांवर वंध्यीकरणाची सक्ति करणारें विधेयक त्याच वर्षीं राज्याच्या विधिमंडळानें संमत केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें अंमलांत आलें नाहीं. परंतु ज्या सभागृहाच्या पूर्वजानें १९३८ सालीं इच्छेचें संततिनियमन नामंजूर केलें होतें, त्यानेंच अडतीस वर्षांनीं सक्तीचें मंजूर केलें, हें नोंदविल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

कायदा झाला नाहीं, तरी सक्ति झाली. ती कचेऱ्यांच्या द्वारें झाली. नोकरी, परवाना, बदली, घर, कर्ज, कशासाठींही दाखला मागूं लागले. देशांत १९७५-७६ मध्यें सुमारें २६ लाख शस्त्रक्रिया झाल्या होत्या. १९७६-७७ मध्यें त्या ८२ लाखांहून अधिक झाल्या, व त्यांतील सुमारें ६२ लाख पुरुषांच्या होत्या. १९७७ च्या मार्चांत निवडणुकींत सरकार पडलें, आणि १९७७-७८ चा आंकडा साडेनऊ लाखांवर आला. पुरुषांचा तर दोन लाखांच्या आंत.

६. कागदांची साक्ष

आतां कागदाकडे वळूं. छापील आंकड्यांत १९६८ चा एक व १९७६ चा एक हे सारखेच एक. त्यांत कोण आपल्या पायांनीं गेला व कोणास नेलें, हें आंकडा सांगत नाहीं. कागद सांगतो काय?

बाईंनीं जी हकीकत सांगितली ती अशी. चौथ्या बाळंतपणांत त्या मरतां मरतां वांचल्या. त्यांचे पति तांडेल होते. घरांतील वडीलधाऱ्यांस होडीवर आणखी हात हवे होते. पांचवा मुलगा झाला तर हवाच होता. पतीनें कोणास न सांगतां पावसाळ्यांत जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली, आणि आठ दिवस पाय मुरगळला असें घरांत सांगितलें. बाईंस त्यांनीं त्याच रात्रीं कागद दाखविला होता. दोघांनाही तो वाचतां येत नव्हता.

ऐकीव हकीकतीवर संशोधकानें एकदम भिस्त ठेवूं नये. परंतु कागदावरील महिना या हकीकतीस पुष्टि देतो. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असल्यामुळें कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हां पाण्यांत जातात. जाळें ओढण्याच्या जड कामापासून ज्यास कांहीं दिवस दूर राहावयाचें आहे असा कोळी जुलै महिनाच निवडील. त्यानें काळ निवडला, म्हणजे त्यास निवड होती.

मग घड्या कां झिजल्या? त्याचें उत्तर १९७६ चें आहे. त्या वर्षीं एका कचेरींत होडीच्या कामासाठीं गेले असतां दाखला मागण्यांत आला. पेटींतला कागद बाहेर निघाला. पुढें तो निरनिराळ्या ठिकाणीं, बाईंच्या अदमासें दहा बारा वेळां, दाखवावा लागला. ज्या गोष्टीची आठ वर्षें घरांत वाच्यता नव्हती ती आतां प्रत्येक कारकुनाच्या मेजावर उलगडूं लागली. आणि ज्या सासूसासऱ्यांपासून ती लपविली होती त्यांसही तेव्हांच कळली. शेजारचा एक जण हा कागद उसना मागावयास आला होता. नांव निराळें असल्यामुळें त्याचा उपयोग होणार नाहीं, हें त्यास समजावून सांगावें लागलें.

त्या शेजाऱ्याच्या घरचा कागद आम्हांस दुसऱ्या दिवशीं पाहावयास मिळाला. नमुना थोडा निराळा, छपाई अधिक चांगली, शिक्का ठळक. अपत्यें तीन. साल १९७६, महिना नोव्हेंबर. नोव्हेंबर म्हणजे मासेमारीचा भर हंगाम. या कागदास एकच घडी आहे व ती कोरी आहे. त्यांच्या मुलानें सांगितलें कीं वडिलांनीं तो पुन्हां कधीं उघडला नाहीं, आणि त्या हंगामांत ते होडीवर गेले नाहींत.

दोन कागदांवरून सिद्धान्त काढावयाचा नसतो, हें आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांस सांगत आलों. एखादा कोळी आपल्या इच्छेनेंही नोव्हेंबरांत जाऊं शकेल. परंतु कोळ्यांच्या वस्त्यांतून असे पन्नास कागद पाहावयास मिळाले व त्यांच्या तारखा हंगामाशीं ताडून पाहिल्या, तर इच्छा व सक्ति यांचा भेद आंकड्यांपेक्षां अधिक विश्वासानें करतां येईल. शेतकऱ्यांच्या बाबतींत पेरणी व कापणी यांचे दिवस हेंच काम करतील. बार्शीसारख्या ठिकाणीं, जेथें १९७६ च्या आरंभींच सक्ति झाल्याची वाच्यता झाली, ही पद्धति लावून पाहण्यासारखी आहे. जमाखर्चाच्या कागदांवरून दुष्काळ ओळखण्याची रीति आपल्या मंडळींस परिचित आहे. ही तिचीच धाकटी बहीण समजावी.

७. पुढें काय झालें

आणीबाणीनंतर सक्तीचें नांव कोणीं काढीनासें झालें. पण शस्त्रक्रिया थांबली नाहीं, ती स्त्रियांकडे वळली. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील विवाहित स्त्रियांपैकीं ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पतीची झाली असल्याचें प्रमाण अवघें ०.३ टक्का. जी शस्त्रक्रिया सोपी व कमी धोक्याची ती जवळ जवळ नाहींशी झाली, आणि अधिक धोक्याची तीच रूढ झाली. १९७६ च्या धाकाचें हें फळ पुष्कळ अंशीं आहे. २०१४ च्या नोव्हेंबरांत छत्तीसगडांतील बिलासपुर येथें शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या तेरा स्त्रिया मरण पावल्या. त्यानंतर २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशीं शिबिरें तीन वर्षांच्या आंत बंद करण्याचा आदेश दिला, व संमति समजून घेतलेली असावी यावर भर दिला.

कर्व्यांच्या मृत्यूस सत्तर वर्षें होऊन गेलीं. कित्येक लेखांत त्यांचें नांव कुटुंबनियोजनाच्या सरकारी मोहिमेचे आद्य प्रवर्तक म्हणून एका ओळींत घेतलें जातें. तें आम्हांस मान्य नाहीं. त्यांचा वंश जर कोठें शोधावयाचा असेल तर तो जुलै १९६८ च्या कागदांत शोधावा; नोव्हेंबर १९७६ च्या कागदाशीं त्यांचें नातें नाहीं. दोन्ही कागदांवर शस्त्रक्रिया एकच आहे.

८. संग्राहकांस विनंती

असे कागद महाराष्ट्रांत घरोघरीं असतील. ते धरून ठेवणारी पिढी आतां थोडी उरली आहे, आणि तिच्यामागें ते रद्दींत जातील. आमच्या संग्राहक वाचकांस विनंती आहे कीं जेथें असा कागद दिसेल तेथें त्याची तारीख, अपत्यांचा आंकडा, छपाईचा नमुना, शिक्का, घड्या, पाठीमागचा मजकूर व धन्याचा धंदा यांची टिपणी करावी. नांव व पत्ता उतरूं नये. हे कागद माणसांच्या शरीराविषयीं आहेत. सनदांप्रमाणें ते प्रसिद्ध करण्याचा कोणास अधिकार नाहीं. या लेखांतही आम्हीं कोणाचें नांव दिलें नाहीं तें याच कारणानें.

कागद संस्थेच्या दप्तरांत ठेवण्यास द्यावा, असें आम्हीं बाईंस सुचवून पाहिलें. त्यांनीं मान हलविली. तो आपल्या माणसाचा आंगठा आहे, असें त्या म्हणाल्या, व कागदाची घडी घालून पेटीच्या तळाशीं ठेवून दिली. आम्हीं नक्कल करून घेतली आहे. ती जिज्ञासूंस पाहावयास मिळेल. विवेचनांत कोठें चूक आढळल्यास विद्वानांनीं ती साधार दाखवून द्यावी, म्हणजे पुढील अंकीं दुरुस्ती करण्यांत येईल.